कोपऱ्यातल्या चार ग्रंथी

काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवण्याआधी बाई ती खिडकीकडे धरायच्या. चिमटीत कडेने पकडायची, एक डोळा बारीक करायचा आणि त्या काचेवरच्या गुलाबी ठिपक्याकडे उजेडात क्षणभर बघायचं. "आधी साध्या डोळ्यांनी बघावं," त्या म्हणायच्या. "मुलगी बघायला गेल्यावर कोणी पहिल्याच मिनिटाला भिंग काढतं का?"

स्वतः बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, पण उपमा त्यांना तिथल्याच सुचायच्या.

बाई पॅथॉलॉजिस्ट होत्या. पेशंट ज्यांना कधीच बघत नाही, पण ज्यांच्या एका ओळीवर त्याचं पुढचं सगळं ठरतं, अशा डॉक्टरांपैकी एक. तुमच्या घरात कोणाची बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टच्या तळाशी अशी एक न वाचता येणारी सही तुम्हीही पाहिली असेल. त्या सहीमागचं माणूस कसं असतं, हे मला बाईंमुळे कळलं. हॉस्पिटलात सगळे त्यांना मॅडम म्हणत. मीही तोंडावर मॅडमच म्हणायचे. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून बाई होत्या, कारण त्यांच्यासमोर उभं राहिलं की गृहपाठ विसरल्यासारखं वाटायचं.

मी डॉक्टर नाही. पदार्थविज्ञान शिकलेली, एका संशोधन प्रकल्पावर नेमलेली मुलगी. शहरातल्या एका जुन्या हॉस्पिटलात बाईंच्या खोलीशेजारच्या खोलीत आमचं यंत्र आणून ठेवलं होतं. त्या यंत्राने प्रोस्टेटचा कॅन्सर ओळखता येतो का, हे बघायचं होतं. एरवी पेशंटच्या शरीरातून सुईने काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवतात, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात, रंगवतात आणि डॉक्टर तो डोळ्यांनी तपासतात. आमच्या यंत्राला रंग लागत नव्हता. ते कापातून अवरक्त किरण सोडायचं. डोळ्यांना न दिसणारा उजेड तो. प्रथिनं, चरबी, जे काही त्या कापात असेल ते आपापल्या वाट्याचा उजेड शोषून घेतं. किती आणि कुठला उजेड गिळला गेला, यावरून आत काय आहे ते समजतं. मग संगणक नकाशा रंगवायचा. निरोगी जागा हिरवी, कॅन्सरची लाल.

पण लाल कशाला म्हणायचं, हे संगणकाला कोणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी बाई हव्या होत्या.

पहिल्या दिवशी मी पत्र घेऊन दारात उभी राहिले. त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता विचारलं, "कुठून येतेस?"

"वाघोलीहून."

"रोज?"

"हो, मॅडम. बसने."

"म्हणजे रोज परगावाहून येतेस," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी 'वाघोली' झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं, कारण माझ्या कागदांवर सह्या त्याच करायच्या. पण हाक यायची ती, "अगं वाघोली, तुझं यंत्र शिट्टी वाजवतंय."

पेशंटांच्या संमतीचा फॉर्म मी मराठीत तयार केला होता. त्यात अभिमानाने 'पुरःस्थ ग्रंथी' आणि 'अवरक्त वर्णपटमापन' असे शब्द घातले होते. बाईंनी लाल पेन काढलं.

"पुरःस्थ वाचून म्हातारा घरी निघून जाईल. प्रोस्टेट लिही. आणि हे अवरक्त काय? यात रक्त आहे का?"

"नाही, मॅडम. रक्ताचा काही संबंध नाही."

"मग त्या बिचाऱ्याला घाबरवतेस कशाला? 'उष्णतेचे किरण' लिही. शेकोटी सगळ्यांना माहीत असते."

काच अवरक्त किरणांना अडवते, म्हणून आमचे काप काचेवर न ठेवता एका वेगळ्याच स्फटिकाच्या चकतीवर ठेवावे लागायचे. हे सांगितल्यावर बाईंना अपमान झाल्यासारखं वाटलं. "काच चालत नाही? मी तीस-पस्तीस वर्षं काचेतूनच बघतेय. माझं काही अडलं नाही." चकती ठिसूळ असायची. पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक फुटली आणि मी रडकुंडीला आले. बाईंनी ते तुकडे कागदावर गोळा केले. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता पुढची नीट धरशील."

शिकवणी शनिवारी दुपारी व्हायची. त्यांची रोजची कामं संपली की त्या माझ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या. रंगवलेल्या कापाचं चित्र एका बाजूला, माझा नकाशा दुसऱ्या बाजूला. त्या एकेका ग्रंथीभोवती रेघ मारायच्या. ही चांगली, ही चांगली, ही वाईट.

"चांगल्या ग्रंथीला पेशींचे दोन पदर असतात," त्यांनी पहिल्या शनिवारी सांगितलं. "आतला आणि बाहेरचा. कॅन्सरमध्ये बाहेरचा पदर जातो. बास. बाकी सगळी पुस्तकं या एका वाक्यावर लिहिलीयत."

मग त्या मलाच विचारायच्या. "ही बघ. किती पदर?"

"बहुतेक दोन."

"बहुतेक म्हणजे? घरात किती माणसं आहेत विचारलं तर बहुतेक चार म्हणतेस का?"

मी पुन्हा बघायचे, डोळे दुखेपर्यंत. त्या थांबायच्या. माझ्या तोंडून 'बहुतेक'शिवाय उत्तर आल्यावरच पुढच्या ग्रंथीकडे जायच्या. यंत्राला शिकवता शिकवता त्यांनी मलाही शिकवलं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यंत्र मात्र सुरुवातीला ढ होतं. कापाला घडी पडली की लाल. मेण नीट धुतलं गेलं नाही की लाल. एकदा एका निरोगी माणसाचा अख्खा काप लालभडक झाला, कारण मेण तसंच राहिलं होतं. "तुझ्या यंत्राच्या हिशेबाने मेणबत्तीलाही कॅन्सर होतो," बाई म्हणाल्या आणि चहा प्यायला निघून गेल्या.

त्यांची एक सवय मला आवडायची. ती त्यांना स्वतःला माहीत होती की नाही, देव जाणे. रिपोर्टवर 'कॅन्सर आढळला नाही' असं लिहून सही केली की त्या ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, "सुटला." पेशंट बाई असेल तर "सुटली." कॅन्सर असेल तर काहीच म्हणायच्या नाहीत. उठायच्या, पाणी प्यायच्या, परत येऊन तीच काच पहिल्यापासून बघायच्या आणि मगच सही करायच्या. ना ओळख ना पाळख, पण 'सुटला' म्हणताना त्यांचा चेहरा नातेवाइकासारखा व्हायचा.

दुसऱ्या वर्षी आम्ही जुने नमुने घेतले. हॉस्पिटलात जपून ठेवलेले काही वर्षांपूर्वीचे मेणाचे ठोकळे, पेशंटची नावं झाकून फक्त क्रमांक दिलेले. यातल्या प्रत्येकाचं निदान आधीच झालेलं होतं. यंत्राचं उत्तर त्या निदानाशी जुळतं का, एवढंच पाहायचं होतं.

एकशे सात नंबरच्या नमुन्यावर 'कॅन्सर नाही' अशी नोंद होती. माझ्या नकाशावर एका कापाच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. छोटासा, कुंकवाच्या टिकलीएवढा. मला वाटलं, मेण. त्याच ठोकळ्याचा नवा काप घेतला, दोनदा धुतला, पुन्हा चालवला. ठिपका तिथेच. तिसऱ्यांदा चालवला. तिथेच.

मग मी नोंदवहीत पाहिलं की तो रिपोर्ट कोणी दिला होता. बाईंनी. चार वर्षांपूर्वी.

तुम्ही म्हणाल, लगेच जाऊन सांगायचं. मला ते जमलं नाही. दोन दिवस मी तो नकाशा बंद करून ठेवला. आमच्या प्रकल्पप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "एवढ्या नमुन्यांत एक खराब निघणारच. काढून टाक. खराब काप म्हणून लिही." कोणी विचारणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर यंत्र चुकलंय असंच मलाही हवं होतं. बाई चुकल्यात, यापेक्षा ते सोपं होतं.

शनिवारी बाई खुर्ची ओढून बसल्या. मी एकशे सहा दाखवला आणि पुढचा उघडला. त्यांनी क्रमांक वाचला.

"एकशे सहानंतर एकशे आठ? वाघोलीला सात शिकवत नाहीत का?"

"तो खराब काप आहे, मॅडम."

"दाखव."

"काढून टाकायचं ठरलंय."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "कोणाचा रिपोर्ट आहे तो?"

मी नोंदवही मिटून बाजूला सारली. त्यांना उत्तर कळलं. "दाखव," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी अगदी हळू.

त्यांनी नकाशा पाहिला. नोंदणी विभागातून चार वर्षांपूर्वीची मूळ काच मागवली. ती आली तशी खिडकीकडे धरली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळे लावले. मी दाराशी उभी. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागेपुढे करत होतं. बाईंचा हात बटणावर थांबला आणि कितीतरी वेळ हललाच नाही.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "उजव्या कोपऱ्यात. किती आहेत?"

मी वाकून पाहिलं. "चार ग्रंथी. लहान आहेत."

"किती पदर?"

मी पुन्हा मोजलं.

"किती पदर, वाघोली?"

"एक," मी म्हटलं. "एकच पदर आहे, मॅडम."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "नवीन कापात असतं आणि जुन्या काचेवर नसतं, तर बरं वाटलं असतं. पण आहेत. तेव्हाही होत्या. मी कोपऱ्यापर्यंत नेहमी जाते. म्हणजे त्या दिवशीही गेले असणार. बघितलं असणार आणि पुढे गेले."

दोन दिवसांत त्यांनी खास रंग वापरून खात्री केली. बाहेरचा पदर खरोखर नव्हता. दुसऱ्या एका डॉक्टरांना काही न सांगता काच दाखवली. त्यांनीही कॅन्सरच म्हटलं. मूळ रिपोर्ट कोणाचा हे कळल्यावर ते गृहस्थ गडबडले. "अहो मॅडम, एवढंसं कोणाकडूनही सुटलं असतं."

"कोणाकडूनही नाही सुटलं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून सुटलं."

नावं झाकलेली असल्यामुळे पेशंट कोण हे उघडायला नीतिमत्ता समितीची परवानगी लागत होती. मीही त्या बैठकीला होते. अध्यक्ष शांत, सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, हे यंत्र अजून सिद्ध झालेलं नाही. त्याचे निष्कर्ष पेशंटला कळवायचे नाहीत, असा आपलाच नियम आहे."

"यंत्राचं मी काही म्हणतच नाहीये," बाई म्हणाल्या. "यंत्राने फक्त माझी मान तिकडे वळवली. बघितलंय मी माझ्या डोळ्यांनी. आणि तो रिपोर्ट संशोधनाचा नाही, हॉस्पिटलचा आहे. त्यावर माझी सही आहे."

थोडी चर्चा झाली. शेवटी नाव उघडायचं ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "हॉस्पिटलतर्फे रीतसर पत्र पाठवू."

"पत्र वाचून त्या माणसाला काही विचारावंसं वाटलं तर कोणाला विचारणार? पोस्टमनला?"

अध्यक्षांनी पत्त्याचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

पत्ता धायरीचा होता. फोन नंबर बंद झालेला. मी तोवर स्कूटर घेतली होती, म्हणून आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून निघालो. बाई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर फाइल. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत आम्ही मुंगीच्या पावलांनी चाललो होतो. मागून आवाज आला.

"काय बोलायचं ते सगळं पाठ केलंय. पहिलं वाक्यच सापडत नाहीये."

धायरीत विचारत विचारत घर सापडलं. पुढे तीन मजली नवी इमारत, मागे गोठा तसाच. इमारत आणि गोठा यांच्यामध्ये मेथीचे दोन-तीन वाफे. टोपी घातलेले, साठीच्या पुढचे एक गृहस्थ पाइपने पाणी घालत होते. तेच ते. हॉस्पिटलातून आलोय म्हटल्यावर त्यांनी पाइप टाकून दिला. "या की. आत या. दवाखान्याची मानसं घरापतूर आली म्हंजे मोठंच काम दिसतंय."

आत त्यांची बायको आणि मुलगा होते. मुलगा एका कंपनीत नोकरीला होता, त्या दिवशी घरूनच काम करत होता. प्रोस्टेटचं नाव निघताच गृहस्थांनी बायकोकडे, मग आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हे असलं बायामानसांपुढं…"

"मी डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं आतलं मी चार वर्षांपूर्वीच पाहिलंय. तोंड तेवढं आज बघतेय."

ते हसले. कपाटातून त्यांनी एक कागद आणला, प्लॅस्टिकमध्ये घालून पक्का केलेला. "ह्यो बगा रिपोर्ट. कायबी न्हाई. त्या दिवशी आळीत पेढं वाटलं मी. पुन्यांदा दवाखान्याची पायरी चढलो न्हाई."

बाईंनी तो कागद हातात घेतला. खाली त्यांची सही होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि हा रिपोर्ट चुकीचा आहे. त्यात कॅन्सर होता. अगदी थोडा होता, पण होता. मला दिसायला हवा होता. मी चुकले."

आधी मुलगा उठला.

"म्हणजे? चार वर्षं? चार वर्षांनी येऊन तुम्ही हे सांगताय? हा निग्लिजन्स आहे, मॅडम. आम्ही केस करू शकतो."

"करा," बाई म्हणाल्या. "त्याला कागद लागेल. तो आणलाय." त्यांनी फाइलमधून नवा रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. "यात सगळं लिहिलंय. आधी काय लिहिलं होतं, आता काय दिसलं, चूक कोणाची. सही केलीय. पण केस नंतर करा. आधी यांना उद्या सकाळी घेऊन या. तपासण्या करायच्यात. उशीर माझ्यामुळे झालाय, तो आणखी वाढवू नका."

मुलगा कागद हातात धरून उभाच राहिला. त्याला भांडायचं होतं, आणि समोरचं माणूस भांडायला तयारच नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या त्याच्या आईने विचारलं, "पर ह्ये बरं हुतील न्हवं?"

"ते उद्याच्या तपासण्यांनंतर सांगेन," बाई म्हणाल्या. "आज सांगितलं तर तेही खोटं ठरू शकेल."

गृहस्थांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मग म्हणाले, "बाई, ह्या चार वर्सांत लेकीचं लगीन केलं. काशीला जाऊन आलो. आंब्याची दोन झाडं लावली. रोज निवांत झोपलो. ती झोप बी तुमच्याच सहीवर हुती."

बाईंनी तो जुना रिपोर्ट दोन्ही हातांनी त्यांना परत दिला.

चहा झाला. न पिता उठणं बरं दिसलं नसतं. परतताना राजाराम पुलाच्या सिग्नलला त्यांनी मागून विचारलं, "झोपेचं ते, तो म्हातारा चिडून म्हणाला की नाही गं?"

"मला कळलं नाही, मॅडम."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या मध्येच काम थांबवून हेच विचारायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ आले, मुलगा आणि बायको दोघांना घेऊन. पॅथॉलॉजिस्ट कधी वरच्या मजल्यावर पेशंटसोबत बसत नाहीत. त्या दिवशी बाई बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या, स्कॅनचा नंबर लागेपर्यंत. आजार वाढला होता. प्रोस्टेटच्या थोडा बाहेर सरकला होता, पण हाडांपर्यंत पोचला नव्हता. चार वर्षांपूर्वी एका ऑपरेशनने भागलं असतं. आता किरणोपचार आणि वरून इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. बाईंनी हे त्यांच्यापासून लपवलं नाही.

इंजेक्शनांनी त्यांच्या अंगातून एकदम वाफा यायला लागल्या. पुरुषाचं संप्रेरक थांबवलं की तसं होतं. एकदा ते बायकोसमोरच म्हणाले, "बायकांचं पन्नाशीला व्हतं ना, तसलं मला व्हायलंय." त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली. "लई वर्सं मला म्हनत हुते, उगं नाटकं करती. आता कळलं." बाईही हसल्या. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच.

केस झाली नाही. पण मुलगा बाईंशी पुन्हा कधी बोललाही नाही. वडिलांना आणायचा, लांब उभा राहायचा, घेऊन जायचा. बाईंचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. "त्याचा हक्क आहे तो," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. चार वर्षांपूर्वीच्या त्या काळात आपण 'कॅन्सर नाही' म्हणून सही केलेली प्रोस्टेटची प्रत्येक काच त्यांनी खोक्यांतून बाहेर काढली आणि पहिल्यापासून बघायला लागल्या. जिथे मन खात होतं, तो ठोकळा माझ्याकडे यायचा. आठ महिन्यांचे शनिवार त्यात गेले. काही निघालं नाही. शेवटचं खोकं बंद केलं त्या दिवशी मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्यांनी डबा उघडला आणि मला अर्धी पुरणपोळी दिली.

एक गोष्ट मात्र बदलली. सही केल्यावर 'सुटला' म्हणणं त्यांनी बंद केलं. मी वाट बघायचे. सही व्हायची, कागद बाजूला सरकायचा, पुढची काच उचलली जायची. मी कधी विचारलं नाही.

आमचा शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा माझा उत्साह ओसंडत होता. यंत्राने तज्ज्ञालाही न दिसलेला कॅन्सर शोधला, असं मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. बाईंचं लाल पेन पुन्हा बाहेर आलं.

"आणि मेणबत्ती? ती कुठे लिहिलीयस?"

"ती सुरुवातीची चूक होती, मॅडम."

"सगळ्या लिही. त्याने जिथे जिथे उगाच लाल दाखवलं, तेही लिही. एकदा बरोबर आलं म्हणून लगेच त्याला डॉक्टर करू नकोस. ते शेजारी बसून 'अहो, इकडे बघा' म्हणणारं माणूस आहे. तेवढं असलं तरी पुष्कळ आहे." मग एकशे सात नंबरच्या ओळीशी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की मूळ निदान चुकीचं होतं आणि ते करणारी डॉक्टर या निबंधाच्या लेखकांपैकी एक आहे. प्रकल्पप्रमुखांना ते वाक्य नको होतं. बाई म्हणाल्या, वाक्य राहील किंवा माझं नाव जाईल. वाक्य राहिलं.

धायरीचे गृहस्थ दर तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासणीला यायचे. ती झाली की न चुकता खाली उतरायचे. मेथीची जुडी टेबलावर ठेवायचे.

"मुळांची माती झटकून आणायला काय होतं?" बाई विचारायच्या.

"माती ऱ्हायली की टिकती भाजी. तुमास्नी पेठेत काय ठावं?"

मग बाई त्यांचा रक्ताचा आकडा स्वतः वाचायच्या. "उतरलाय," त्या सांगायच्या. गृहस्थ मान हलवायचे. दोघं पाच मिनिटं बसायचे. बोलायचे काहीतरी किरकोळ, उन्हाबद्दल, धायरीच्या पाण्याबद्दल. ती दोघं एकमेकांची कोण लागत होती, हे मला अजून सांगता येणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. सकाळी घरी पेपर वाचत बसल्या होत्या, तशाच. शेजारणीने हॉस्पिटलला कळवलं. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर बघायच्या राहिलेल्या काचांचा एक ट्रे होता. मुंबईहून एक तरुण डॉक्टर तात्पुरते आले, मग तेच कायम झाले.

धायरीला कळवायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं. खरं तर मी टाळलं. ठरल्या महिन्यात गृहस्थ खाली उतरले, हातात पिशवी. खुर्चीत अनोळखी माणूस बघून दारातच थांबले.

"बाई रजेवर हायत का?"

मी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "कुटं बसायच्या त्या, ती जागा बगू का?"

तरुण डॉक्टर भले होते. ते उठून उभे राहिले आणि खुर्ची मागे ओढली. "बसा ना, काका." गृहस्थ आधी खुर्चीच्या कडेवरच टेकले. सूक्ष्मदर्शकाखाली एक काच होती. डॉक्टरांनी त्यांना डोळे कसे लावायचे ते दाखवलं. दोन-तीनदा मान इकडेतिकडे झाली, मग जमलं.

"गुलाबी हाय समदं," ते म्हणाले. "वाफं पाडल्यावानी दिसतंय." थोड्या वेळाने विचारलं, "अशा किती बगायच्या त्या दिसाला?"

"शंभरेक," मी म्हटलं.

"शंभर," ते म्हणाले. डोळे काढले नाहीत.

"ह्ये कुनाचं हाय?"

"नाव नाही बघत आम्ही इथे," डॉक्टर म्हणाले. "असेल कोणीतरी, तुमच्यासारखंच."

"चांगलं हाय का वंगाळ?"

"चांगलं आहे, काका. सगळ्या काचा दोनदा बघून झाल्यात. काही नाही यात. फक्त सही राहिलीय."

गृहस्थांनी डोळे काढले, पिशवी उचलली आणि खुर्ची डॉक्टरांसाठी मोकळी केली.

"मग करा की सही," ते म्हणाले. "घरी वाट बगत आसतील."